ठराव तुमचा, सवय त्यांची: डोंगरालगतच्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि आरेच्या कडेला असलेल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड, भांडुप, पवई, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर आणि ठाणे

सप्रेम नमस्कार.

30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची म्हणून सध्या आपल्या सगळ्यांकडे विषयपत्रिका तयार होत आहेत. आमच्या भागातल्या काही सोसायट्यांच्या विषयपत्रिका मी वाचल्या. लिफ्ट, पार्किंग, थकबाकी हे दरवर्षीचे विषय आहेतच. त्यांच्या खाली चार विषय जवळजवळ सारख्याच शब्दांत लिहिलेले दिसतात. बिबट्याला पकडण्यासाठी पिंजरा लावावा असं पत्र वनविभागाला देणे. येत्या एप्रिल-मेमध्ये आवारातल्या सगळ्या झाडांची सरसकट छाटणी करण्याचं कंत्राट देणे. बुंध्यांभोवती उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसवणे. मागच्या कंपाउंड वॉलवर डोंगराच्या दिशेने फ्लडलाइट लावणे. सुरक्षितता आणि स्वच्छता म्हटलं की कोणी विरोधाला उभं राहत नाही, म्हणून हे विषय चर्चेशिवाय मंजूर होतात. या पत्रातून मी उभी राहते आहे.

मी मुलुंड पश्चिमेला राहते. आमच्या मागे डोंगर आहे, आणि रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की मिठागरं, कांदळवन आणि ठाण्याची खाडी. मधली चिंचोळी पट्टी आपली. डोंगरात बिबटे आहेत, खाडीकाठच्या कांदळवनात कोल्हे आहेत, हिवाळ्यापासून मेपर्यंत चिखलावर फ्लेमिंगो उतरतात, आणि मधल्या पट्टीत घारी, धनेश, वटवाघळं, पाकोळ्या, आग्यामाश्या, मुंगूस, घोरपडी राहतात. यांतलं कोणीही चुकून आत शिरलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे काढून त्यांनी आपल्या शहराचं वेळापत्रक शिकून घेतलं आहे. कचरा किती वाजता बाहेर ठेवला जातो, वर्दळ कधी थांबते, कुठल्या झाडाला फळ कधी धरतं, हे त्यांना कळतं. म्हणजे ते कसे वागतील हे बऱ्याच अंशी आपण काय करतो त्यावर ठरतं, आणि आपण काय करतो ते तुमच्या सभेत ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे. पण ते तपशिलाने मांडल्याशिवाय पटणार नाही, म्हणून पत्र लांबणार आहे. वेळ काढून वाचा, ही विनंती.

पिंजऱ्यापासून सुरुवात करते, कारण भीती खरी आहे. 2002 ते 2004 या काळात उद्यानाच्या कडेला बिबट्यांनी अनेक माणसं मारली. 2022 च्या दिवाळीत आरेमध्ये दीड वर्षाचीही नसलेली मुलगी गेली. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला कुठलीही आकडेवारी ऐकवायची नसते. पण पुढचं मूल वाचणार की नाही हे आपण कोणता उपाय निवडतो त्यावर अवलंबून आहे, आणि उपाय निवडताना आकडे बघावेच लागतात.

उद्यानाचं क्षेत्रफळ जेमतेम 104 चौरस किलोमीटर. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागात 35 बिबटे नोंदले गेले, 2018 मध्ये 47. दर 100 चौरस किलोमीटरला साधारण 26 बिबटे, म्हणजे जगातल्या सर्वांत दाट बिबट्यांच्या वस्तीपैकी एक आपल्या खिडकीसमोर आहे. सभोवती माणसांचीही तशीच दाटी. तरीही बहुतेक वर्षं बहुतेक रहिवाशांना बिबट्या फक्त सीसीटीव्हीत दिसतो. हे आपोआप झालेलं नाही. इथला बिबट्या वर्दळ ओसरल्यावर बाहेर पडतो. नाल्याच्या कडेने, भिंतीच्या सावलीतून, बांधकाम थांबलेल्या प्लॉटमधून जातो, आणि उजाडायच्या आत झाडीत परत जातो. जंगलात त्याला चितळ, सांबर, माकडं मिळतात, पण इथल्या अभ्यासात त्याच्या आहाराचा साधारण पाव हिस्सा भटक्या कुत्र्यांचा निघाला. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात, जिथे मोठे वन्य तृणभक्षी उरलेलेच नाहीत, तिथे कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. जनावर तेच, जंगल बदललं तसं ताट बदललं.

आता पिंजऱ्याबद्दल. जुन्नर भागात 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडायची मोहीम झाली. त्याआधीच्या आठेक वर्षांत तिथे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मोहिमेच्या काळात ते 17 वर गेले, आणि हल्ल्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण दुप्पट होऊन 36 टक्क्यांवर पोहोचलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. बिबट्या विशिष्ट मुलूख धरून राहतो. तिथली माणसं, कुत्री, पाणवठे, लपायच्या जागा त्याला पाठ असतात आणि त्या पाठांतराच्या जोरावर तो माणसाला टाळतो. पिंजऱ्यात दिवस काढलेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी जागी सोडलं की त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरुण आणि नवखा बिबट्या येतो. म्हणजे माणसाला टाळायला शिकलेला गेला आणि त्याच्या जागी अजून शिकायचा असलेला आला. आपली सोसायटी ज्या दिवशी पिंजऱ्याची मागणी करते, त्या दिवशी ती हीच अदलाबदल मागत असते.

2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका म्हाताऱ्या नराला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. तो रस्ते, रेल्वे, वस्त्या ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईजवळच्या जंगलात आला. वाटेत त्याने कोणाला इजा केल्याची नोंद नाही. 2011 मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. आपण त्याला जंगलात सोडून आलो असं समजत होतो. त्याच्या पायांनी मात्र दाखवून दिलं की पकडून दूर नेलेला बिबट्या दूर राहतोच असं नाही.

मग करायचं काय? बिबट्या आपल्या भिंतीपाशी का येतो ते बघायचं. तो कुत्र्यांसाठी येतो, आणि कुत्री आपल्या अन्नासाठी येतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अंदाज मांडला होता की मुंबईचे बिबटे वर्षाला सुमारे 1,500 भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे हजारभर प्रसंग टळतात. या अंदाजावर बिबट्याची वकिली उभी करावी असं मला वाटत नाही. कुत्र्यांचा प्रश्न बिबट्याने सोडवावा ही अपेक्षा क्रूर आहे, कुत्र्यांशीही आणि आपल्या वॉचमनशीही. पण साखळी त्यातून स्वच्छ दिसते. रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा नियम कित्येक वर्षांपासून आहे. आमच्या भागातल्या एका मोठ्या संकुलात खतनिर्मितीचं यंत्र बसवलं गेलं, उद्घाटनाचे फोटो निघाले, आणि आता ओला कचरा मागच्या भिंतीला लागून पिशव्यांत साठतो. त्या भिंतीपलीकडे जंगल आहे. त्याच संकुलाच्या विषयपत्रिकेत पिंजऱ्याचा विषय आहे.

कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांशी भांडू नका. त्यांना बरोबर घ्या. खाऊ घालायची जागा मुख्य गेटजवळ, दिवसाउजेडी, आणि खाणं झालं की उरलेलं तेव्हाच उचलायचं, एवढं ठरलं आणि निर्बीजीकरणासाठी पालिकेकडे पाठपुरावा झाला, तर मागची भिंत आपोआप ओस पडेल. बिबट्याला तिथे येण्याचं कारणच उरणार नाही.

आणखी एक गोष्ट अवघड आहे, पण लिहायलाच हवी. आपल्या टॉवरमधल्या माणसांना बिबट्या दिसतो, पण किंमत आपण मोजत नाही. ती मोजतात पाड्यांवरची आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांमधली माणसं. घरात शौचालय नाही, वाटेवर दिवा नाही, अंधारात पाण्याला किंवा आडोशाला जावं लागतं, अशी घरं. आपल्याकडे लादी पुसायला, गाड्या धुवायला, रात्रपाळीला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथेच राहतात. वारली कुटुंबं या जंगलात आपल्या आधीपासून आहेत, वाघोबाला पुजतात, आणि संध्याकाळनंतर मुलांना एकटं सोडायचं नाही, चालताना बोलत चालायचं, हातात बॅटरी ठेवायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. बिबट्याने माणसांत राहायला शिकून घेतलं, तसं या माणसांनीही बिबट्यात राहायला शिकून घेतलं. तिसरा शेजारी आपण. फ्लडलाइटसाठी काढलेले पैसे पाड्याच्या वाटेवर दिवे बसवायला द्या, असा ठराव एखादी तरी सोसायटी करील का?

बिबट्यावर मी जास्त लिहिलं कारण भीती त्याची आहे. पण बाकीच्या तीन ठरावांचे परिणामही तितकेच खोल जातात, फक्त ते दिसायला वेळ लागतो.

शहर सगळ्यांना सारखी संधी देत नाही. ज्यांच्या अंगी आधीपासूनच काहीतरी उपयोगाचं असतं ते टिकतात. पारवा मूळचा कड्याकपारींतला. त्याला आपली डक्ट आणि एसीचा कठडा म्हणजे कडाच. पाकोळी गुहांच्या आणि कपारींच्या छताला घरटं चिकटवायची, आता पुलाखाली आणि पोर्चमध्ये चिकटवते. आग्यामाश्या उंच कड्याला किंवा उंच झाडाला पोळं लटकवतात, त्यांना सतराव्या मजल्याचा सज्जा चालतो. ते पोळं बहुधा हंगामी असतं, फुलोरा संपला की माश्या स्वतःच निघून जातात. तेवढे आठवडे ती गॅलरी बंद ठेवता येते का बघा. धोका असेल तर पोळं हलवणारी प्रशिक्षित माणसं बोलवा. पेस्ट कंट्रोलवाल्याने भरदिवसा धूर केला की चवताळलेल्या माश्या खेळणाऱ्या मुलांवर जातात. पिंपळाचं तसंच. त्याचं बी पक्ष्याच्या पोटातून येऊन झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या फटीत रुजायला तयार झालेलं आहे, म्हणून आपल्या ओव्हरहेड टाकीच्या भेगेत तो मुकाट्याने उगवतो. तिथला काढावाच लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोप लहान असताना मुळासकट काढून मागच्या बागेत लावता येतं, एवढंच सुचवते.

जे टिकतात तेही जसेच्या तसे राहत नाहीत. आणि इथे माणसांनी केलेले ठराव थेट त्यांच्या अंगावर उमटतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला 1848 मध्ये एका फिक्या पतंगाचा काळा नमुना पहिल्यांदा नोंदला गेला. गिरण्यांच्या धुराने झाडांची खोडं काळवंडली होती, त्यांच्यावर बसलेला फिका पतंग पक्ष्यांना लगेच दिसायचा आणि काळा वाचायचा. 1895 पर्यंत तिथले शंभरातले 98 पतंग काळे झाले. पुढे 1956 मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला, धूर कमी होत गेला, खोडं उजळली आणि फिके पतंग परत वाढले. आज काळे शोधावे लागतात. संसदेत झालेल्या मतदानाने एका किड्याचा रंग फिरवला.

आता पेव्हर ब्लॉकवाल्यांनी नीट ऐकावं अशी गोष्ट. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात फुटपाथवरच्या झाडांच्या बुंध्याशी मातीचे छोटे चौकोन सोडलेले आहेत, आपल्याकडे असतात तसेच. त्या चौकोनांत क्रेपिस सँक्टा नावाचं पिवळ्या फुलांचं तण उगवतं. याला दोन तऱ्हेचं बी येतं. एक हलकं, केसाळ, वाऱ्यावर उडणारं. दुसरं जड, आईच्या पायाशीच पडणारं. रानात उडणारं बी नवी जागा शोधतं. शहरात चौकोनाबाहेर सगळं काँक्रीट, तिथे उडालेलं बी बहुतेक फुकट जातं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की शहरातली ही रोपं रानातल्यांपेक्षा जड बी जास्त प्रमाणात धरतात, आणि हा बदल घडायला अवघ्या 5 ते 12 पिढ्या लागल्या असाव्यात. हे रोप एका वर्षात जीवनक्रम संपवतं. म्हणजे दोन-तीन कार्यकारिणींच्या कार्यकाळात एका वनस्पतीने उडणं कमी केलं. हे शहाणपण तिला त्या चौकोनापुरतंच वाचवतं. चौकोन बुजवला की दुसरीकडे जायची सोय तिने आधीच कमी करून टाकलेली असते.

आपल्या बुंध्यांभोवतीच्या मातीत काय काय असं स्वतःला बदलत असेल ते कोणी तपासलेलं मला माहीत नाही. झाडाचं मात्र माहीत आहे. बुंधा आवळून पेव्हर बसवले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. मग केबलसाठी एका बाजूची मुळं तोडली जातात, वरून फांद्या एकांगी छाटल्या जातात, आणि तोल गेलेलं झाड जुलैच्या वाऱ्यात कोसळतं. दर पावसाळ्यात मुंबईत झाड किंवा फांदी पडून माणसं दगावतात. त्यानंतर पुढच्या सभेत काय होतं? उरलेली झाडं आणखी छाटायचा ठराव. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं. एक मीटर म्हणजे दोन-तीन स्कूटरच्या पार्किंगपेक्षा फार जास्त जागा नाही.

छाटणीचा काळ हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. राखी धनेश आता आपल्या सगळ्या उपनगरांत दिसतो. त्याची शीळ ओळखीची झाली आहे. हा पक्षी शहरात राहू शकतो, पण दोन गोष्टी असतील तरच: फळणारी उंबर-वडाची झाडं आणि जुन्या झाडातली ढोली. मार्च ते जून त्याची वीण. मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि अनेक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. त्याच आठवड्यांत आपलं छाटणीचं कंत्राट सुरू असतं. ढोलीची फांदी वाळकी दिसते, म्हणून पहिली तीच जाते. कावळ्यांची घरटीही त्याच दिवसांत असतात, आणि कावळ्याच्या घरट्यात कोकिळेची अंडी. धोकादायक फांदी पावसाळ्याआधी काढायलाच हवी, माणसाचा जीव आधी. पण धोका कुठल्या फांदीला आहे हे जाणकाराने बघून सांगावं, आणि बाकीची छाटणी पाऊस संपल्यावर करावी. खर्च तेवढाच येतो. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने खासगी आवारातल्या झाडालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं ओलांडलेल्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आपल्या आवारातल्या कितीतरी पर्जन्यवृक्षांचं आणि आंब्यांचं वय इमारतीपेक्षा जास्त आहे. त्यांची नोंद तरी करून ठेवा.

उंबराबद्दल स्वतंत्र लिहिते, कारण सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच्याच. फळं गाड्यांवर पडतात, माश्या बसतात, रात्री वटवाघळं येतात. पण उंबराला वर्षातून अनेकदा फळ येतं, आणि एका भागातले सगळे उंबर एकदम फळत नाहीत. दुसरं काही पिकलेलं नसतं तेव्हा तांबट, हळद्या, बुलबुल, धनेश, वटवाघळं या झाडांवर दिवस काढतात. उंबराचं परागण एक बारीकशी गांधीलमाशी करते. ती उंबराच्या आतच जन्मते आणि बाहेर पडल्यावर एखाद-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतला दुसरा उंबर गाठावा लागतो. म्हणून एका सोसायटीतला उंबर दुसऱ्या सोसायटीतल्या उंबराच्या भरवशावर उभा असतो. तुम्ही तुमच्या आवारातला एक तोडलात तर शेजारच्या चार सोसायट्यांच्या पक्ष्यांचं गणित बिघडतं, आणि त्यांना कारणही कळत नाही. त्याखालची दोन पार्किंग हलवणं, नाहीतर वर शेड टाकणं, हा झाड तोडण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

फ्लडलाइटचं थोडक्यात सांगते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराच्या परिसरात पतंगांच्या एका जातीवर झालेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या दिव्यांच्या झगमगाटात वाढलेल्या पतंगांच्या वंशजांनी दिव्याकडे झेप घेण्याचं प्रमाण अंधाऱ्या भागातल्यांपेक्षा साधारण 30 टक्क्यांनी कमी होतं. बरं झालं, वाचले, असं वाटेल. पण दिव्याकडे कमी उडणारा पतंग एकूणच कमी उडत असेल, तर रात्री फुलणाऱ्या फुलांपर्यंत कोण पोहोचणार? शिवाय डोंगराकडे तोंड केलेल्या दिव्याने आपली सुरक्षितता वाढत नाही. उजेड जंगलात जातो, आणि आपल्या बाजूला भिंतीखालची सावली अधिक गडद होते. दिवा जिथून माणूस चालतो तिथे हवा, खाली तोंड करून हवा. गेट, पायवाट, कचऱ्याची खोली, मुलांची खेळायची जागा. बाकीचे रात्री अकरानंतर बंद.

सगळेच शिकून घेतात असा समज या पत्रातून होऊ नये, म्हणून खाडीकडे वळते. फ्लेमिंगोंना इथे खेचून आणलं ते काही अंशी शहरानेच. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर शेवाळ पोसलं, आणि छोट्या फ्लेमिंगोला चिखलावरचं तेच खाणं लागतं. 1990 च्या दशकापासून ते शिवडीला दिसू लागले. 2015 मध्ये ठाणे खाडीला अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. पण बिबट्यासारखं ताट बदलणं या पक्ष्याला जमत नाही. भरती-ओहोटीचा चिखल गेला की तो गेला. मे 2024 मध्ये घाटकोपरवर विमानाच्या धडकेत एका रात्रीत 39 फ्लेमिंगो मेले. त्यांना उंच भरारी मारायची सवय लागेल तेव्हा लागेल. आपल्या हातात आहे ते वेगळंच: आपल्या इमारतींच्या दुरुस्तीचा राडारोडा. ठेकेदार तो रात्री कुठे नेऊन टाकतो, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलं आहे? पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडच्या मिठागरांच्या आणि कांदळवनाच्या कडेला लाद्या, प्लास्टर, कमोडचे तुकडे पडलेले दिसतात. तिथे कोल्हे राहतात आणि तिथेच भरतीचं पाणी अडतं. पालिकेची राडारोडा उचलण्याची सशुल्क सेवा आहे. तिची पावती दाखवल्याशिवाय सभासदाची अनामत परत करायची नाही, ही एक ओळ नूतनीकरणाच्या नियमावलीत घाला.

तुमच्याकडे माझं मागणं आहे ते येत्या सभेपुरतं. पिंजऱ्याचा विषय मागे घ्या, त्याऐवजी वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना सभेला बोलवा. मुंबईकरांसाठी त्यांनी 2011 पासून जागृतीचं काम केलेलं आहे, आणि बिबट्या दिसल्यावर गर्दी न करणं, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवणं, मुलांना संध्याकाळनंतर मोठ्यांसोबतच बाहेर सोडणं, या गोष्टी ते तुमच्या वॉचमनना आणि हाउसकीपिंगच्या बायकांनाही समजावून सांगतील. वॉचमनना आणि या बायकांना त्या वेळेची भरपगारी सुटी द्या. वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांक प्रत्येक लिफ्टमध्ये लावा. छाटणीचं कंत्राट एप्रिलऐवजी पावसाळ्यानंतरचं करा आणि धोक्याच्या फांद्यांची यादी वेगळी मागवा. पेव्हरच्या निविदेत प्रत्येक बुंध्याभोवती एक मीटरची अट घाला. आधीच बुजवलेले बुंधे मोकळे करायला एका दिवसाची मजुरी लागते. मागच्या भिंतीजवळचा कचरा हलवा. खतनिर्मितीचं यंत्र बंद पडलं असेल तर दुरुस्त करून घ्या.

आणि हे ठराव एकेकट्या सोसायटीने करू नका. बिबट्याच्या मुलखात आपली वीस-पंचवीस कंपाउंडं येतात, उंबराची माशी दहा भिंती ओलांडते, कुत्र्यांची टोळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरते. एका सोसायटीने कचरा आवरला आणि शेजारची तशीच राहिली तर काही बदलत नाही. आपल्या भागातल्या फेडरेशनची बैठक दिवाळीआधी व्हावी आणि त्यात फक्त हा एक विषय असावा, असं मी सुचवते. आवारातल्या झाडांची, ढोलींची आणि घरट्यांची यादी करायला सोसायटीतली शाळकरी मुलं उत्साहाने येतील. वनस्पतींची ओळख पटवून द्यायला मी स्वतः रविवारी सकाळी येईन, कुठल्याही सोसायटीत.

हे पत्र सूचनाफलकावर लावावं आणि सभेत वाचून दाखवावं. कोणाला यातलं काही पटत नसेल तर त्यांनीही सभेतच बोलावं, म्हणजे चारही विषयांवर निदान चर्चा होईल आणि ती इतिवृत्तात येईल.

आपली विश्वासू,
मुलुंड पश्चिमेची एक सभासद